पिवळ्या यंत्राची कुळकथा

संग्रह करणाऱ्या माणसाकडे घरची मंडळी ज्या नजरेने पाहतात ती नजर माझ्या चांगल्या परिचयाची आहे. तीत थोडी कीव असते, थोडा राग असतो आणि 'हे कपाट रिकामे केव्हा होणार' हा एक मूक प्रश्न असतो. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला समाजाने केव्हाच माफ करून टाकले आहे. जुनी नाणी जमवणाऱ्याला तर विद्वान म्हणण्याचीही चाल आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर गावोगाव हिंडून अडकित्ते, समया, दौती असल्या घरगुती वस्तू मिळवल्या आणि १९७५ साली तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला, तेव्हा कोठे आपल्याकडच्या लोकांना उमगले की अडकित्त्यालाही इतिहास असतो. परंतु जो इसम खिशातली कॅसेटयंत्रे जमवतो, आणि तीही नाना तऱ्हेची नव्हेत, तर फक्त पिवळ्या रंगाची, त्याला माफी मिळायला अद्याप बराच अवकाश आहे. असा इसम मी आहे. माझ्यापाशी आज अकरा पिवळे वॉकमन आहेत. शाळेतली पोरे मला पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. समोर मात्र ती 'सर' म्हणतात, आणि तेवढे मला पुरते.

'वॉकमन' हा शब्द मी सैल हाताने वापरतो आहे, हे आधीच सांगितलेले बरे. ते नाव एका जपानी कंपनीच्या मालकीचे. पण आपल्याकडे जसे कोणतेही वनस्पती तूप डालडाच झाले, तसे खिशात मावणारे आणि कानाला लावून ऐकायचे कोणतेही कॅसेटयंत्र वॉकमनच झाले. माझ्या अकरांपैकी सात सोनीचे आहेत. उरलेल्या चारांतल्या एकावरचे नाव वाचताना ते सोनीचेच असावे असे वाटते. नीट पाहिले तर त्यात एक अक्षर जास्त आहे. तोही पिवळा आहे, म्हणून तोही घरात आहे. मी जातिवंत आणि कमअस्सल असा भेद मानत नाही. रंग मात्र मानतो.

या रंगाची गोष्ट सांगायची म्हणजे आधी त्या यंत्राची कुळकथा सांगितली पाहिजे, आणि ती जपानात सुरू होत नाही. ती सुरू होते बेल्जममधल्या हासेल्ट गावी, फिलिप्स कंपनीच्या कारखान्यात. तेथे लू ओटेन्स नावाचे एक डच अभियंते होते. त्या काळी ध्वनिमुद्रण म्हणजे दोन मोठी चाके, त्यांवर गुंडाळलेली उघडी फीत आणि ती ओवता ओवता कावलेला माणूस. फीत डबीत बंद करावी, आणि ती डबी वाजवणारे यंत्र कोटाच्या खिशात मावावे, असे ओटेन्सांच्या मनात आले. त्यांनी काय करावे? यंत्राचा आराखडा काढण्याआधी त्यांनी आपल्या खिशात बसेल असा लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला आणि सहकाऱ्यांना सांगितले की यंत्र एवढे व्हायला हवे. ठोकळा आधी, यंत्र मागून! मोठे शोध नेहमीच मोठ्या गणिताने होतात अशी आपली समजूत असते. पण हा शोध सुताराच्या पद्धतीने झाला. तो ठोकळा आज असता तर कोणत्याही संग्रहालयाने काचेत ठेवला असता. परंतु रस्त्यात मोटारीचे चाक बदलताना ओटेन्सांनीच तो जॅकच्या खाली टेकू म्हणून लावला आणि तो तेथेच गेला. मला हा माणूस फार आवडतो. ते २०२१ साली वारले.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही कॅसेट प्रथम लोकांपुढे आली. आतली फीत पुरती चार मिलिमीटरही रुंद नाही, आणि ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या गतीने सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे सुमारे ८६ मीटर फीत. म्हणजे आमच्या शाळेच्या फाटकापासून पिंपळापर्यंत जाईल एवढी लांबी त्या डबीत निजलेली असते. पोरांना मी एकदा एक निकामी कॅसेट उलगडून हे प्रत्यक्ष दाखवले होते. त्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो आणि त्या लेपाच्या कणांत ध्वनी चुंबकत्वाच्या रूपाने दडून बसतो. बोलणाऱ्याचा शब्द म्हणजे त्या कणांची मांडणी. फिलिप्सने पुढे या डबीचा परवाना इतर कंपन्यांना फुकट वापरू दिला, आणि त्यात सोनीच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. म्हणून जगातली कोणतीही कॅसेट जगातल्या कोणत्याही यंत्रात बसू लागली. हा उदारपणा नसता तर पुढची कथा घडलीच नसती.

आता तोक्यो. सोनीचे दोन संस्थापक, मासारु इबुका आणि आकिओ मोरिता. पहिले यंत्रात रमणारे, दुसरे बाजार ओळखणारे; नागोयाजवळच्या जुन्या सुरावटवाल्या घराण्यातले, म्हणजे साके ही भाताची दारू गाळण्याचा पिढीजात धंदा सोडून विजेच्या मागे लागलेले. दोघांनी १९४६ साली युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरात कंपनी काढली. तेहतीस वर्षांनंतर, १९७९ च्या आरंभी, वृद्ध इबुकांना विमानाच्या लांब प्रवासात संगीत ऐकायचे होते. त्यासाठी ते कंपनीचेच एक कॅसेटयंत्र बरोबर नेत. पण ते इतके जड की म्हाताऱ्या माणसाने ते सांभाळावे की बॅग सांभाळावी. त्यांनी सहकाऱ्यांना विचारले, बातमीदारांसाठी आपण जो छोटा 'प्रेसमन' बनवतो, त्यात दोन कानांना वेगवेगळा ऐकू येईल असा ध्वनी बसवता येईल काय?

येथे जे घडले त्याला मी या साऱ्या इतिहासातली मुख्य गोष्ट मानतो. कोझो ओसोने यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी त्या छोट्या यंत्रात दोन कानांचे सामान बसवायला जागा केली ती कशी? त्यांनी बोलका भाग काढून टाकला. कर्णा गेला. ध्वनिमुद्रण करण्याची सोय गेली. उरले ते फक्त ऐकवणारे यंत्र. बेरजेने नवी वस्तू बनवणारे पुष्कळ असतात. हे यंत्र वजाबाकीने जन्मले. त्याच कंपनीत दुसऱ्या खोलीत काही लोक हलके कर्णफोन बनवण्याच्या खटपटीत होते. पूर्वीचे कर्णफोन तीनशे-चारशे ग्रॅमचे, म्हणजे डोक्यावर वरवंटा बांधल्यासारखे. हे नवे पन्नास ग्रॅमच्या आसपासचे. इबुकांनी दोन्हींची गाठ घालून दिली.

कंपनीतल्या जाणत्यांनी माना हलवल्या. जे यंत्र ध्वनिमुद्रण करीत नाही ते कोण विकत घेणार, असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदीच वेडगळ नव्हता. मोरितांनी मात्र हट्ट धरला. पहिली तीस हजार यंत्रे विकली गेली नाहीत तर मी अध्यक्षपद सोडतो असे ते म्हणाले, अशी कथा सांगतात. १ जुलै १९७९ रोजी यंत्र बाजारात आले. किंमत ३३,००० येन. रंग निळा आणि रुपेरी. बातमीदारांना बसमध्ये घालून तोक्योच्या योयोगी उद्यानात नेले, प्रत्येकाच्या कानाला एकेक यंत्र लावले आणि फिरायला सोडले. तरीही जुलै महिन्यात जेमतेम तीन हजार यंत्रे खपली. पण तरुण पोरांनी ती एकमेकांना दाखवली, आगगाडीत दाखवली, आणि ऑगस्ट संपेतो ती तीस हजारांची रास संपून गेली.

मोरितांच्या घरातला एक प्रसंग त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवला आहे. नमुन्याचे यंत्र घरी आणून ते ऐकत बसले, तर त्यांच्या पत्नीला आपण बाहेर टाकले गेल्यासारखे वाटले. मोरितांनी जाऊन सांगितले की यंत्राला कर्णफोनसाठी दोन छिद्रे ठेवा, म्हणजे दोघांना मिळून ऐकता येईल. शिवाय एक नारिंगी बटण ठेवले. ते दाबले की संगीत दबते आणि दोघे कर्णफोन न काढताच एकमेकांशी बोलू शकतात. जगातल्या पहिल्या वॉकमनवर ही सोय होती, आणि ती एका रुसलेल्या बायकोमुळे होती! पण लोकांनी मोरितांना खोटे पाडले. त्यांना एकट्यानेच ऐकायचे होते. पुढच्या यंत्रांतून ते नारिंगी बटण गेले, दुसरे छिद्रही यथावकाश गेले. ही दुसरी वजाबाकी. ती कोणा अभियंत्याने केली नाही, गिऱ्हाइकांनी केली. मला विचाराल तर विसाव्या शतकाच्या अखेरीस माणूस किती एकटा झाला याची मोजदाद करणारांनी मोठमोठे ग्रंथ चाळण्याआधी ते एक छिद्र कधी बंद झाले ते पाहावे.

न्यायाची गोष्ट म्हणून येथे आणखी एक नाव घेतले पाहिजे. जर्मनीत जन्मलेले आणि ब्राझीलमध्ये वाढलेले आंद्रेआस पावेल यांनी कमरेला बांधून ऐकायच्या असल्याच यंत्राचे पेटंट १९७७ मध्ये इटलीत मागितले होते. त्यांचा आणि सोनीचा वाद वर्षानुवर्षे कोर्टात चालला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तडजोडीने मिटला. पहिला कोण, या वादात मी पडत नाही.

आता पिवळा. १९८१ मध्ये वॉकमन धाकटा झाला. १९८३ मध्ये तर तो इतका चिंचोळा झाला की कॅसेटच्या डबीएवढाच उरला. आणि त्याच १९८३ साली सोनीने याच्या अगदी उलट तोंडाचे एक यंत्र काढले: डब्ल्यूएम-एफ५, 'स्पोर्ट्‌स' या नावाचे. सडपातळ नव्हे, चांगले दणकट. झाकणाला रबराची कड आणि ती आवळून धरणारी खिटी, बटणांवर रबराचे आवरण, आत एक छोटा रेडिओ, आणि सर्वांगाला पिवळाधमक रंग. पाण्याचे शिंतोडे उडाले तरी त्याला पर्वा नव्हती. तोवरची यंत्रे रुपेरी, काळी, निळी, म्हणजे दिवाणखान्यातल्या रेडिओची नातवंडे. हे मात्र घराबाहेर जन्मल्यासारखे दिसत होते. समुद्रावर, पावसात, धावताना न्यायचे.

पिवळाच का? माणसाचा डोळा पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवरचा प्रकाश सर्वांत लवकर टिपतो, हे पदार्थविज्ञानाचे पुस्तक सांगते. अमेरिकेत १९३९ साली तज्ज्ञांनी एकत्र बसून शाळेच्या गाड्यांना पिवळा रंग ठरवला तो याच विचाराने, पहाटेच्या अंधुक उजेडात गाडी लांबून दिसावी म्हणून. आमच्या तालुक्यातल्या शाळांच्या गाड्याही पिवळ्याच आहेत. वाळूत पडलेली, होडीत घरंगळलेली वस्तू सापडावी, तर ती पिवळी हवी. पण नुसती सोयच पाहायची तर नारिंगीही चालला असता. मला वाटते, त्या रंगात एक प्रकारची घोषणा होती. रुपेरी यंत्र म्हणे, मी मौल्यवान आहे, मला जपा. पिवळे म्हणे, मला न्या कुठे ते. लोकांना हे इतके पटले की नंतर कितीक वर्षे सोनीची 'स्पोर्ट्‌स' यंत्रे पिवळीच निघत राहिली, आणि शेजारच्या कंपन्यांनीही आपापले पिवळे अवतार काढले. आम्हा महाराष्ट्रीयांना हा रंग कोणी शिकवायला नको. लग्नाची हळद आणि जेजुरीचा भंडारा ज्यांच्या अंगाला लागला आहे, त्यांना तो परका कसा वाटेल? पण कोकणात हे यंत्र आले ते भंडाऱ्याच्या वाटेने नव्हे, आखाताच्या वाटेने.

आमचे धाकटे काका १९८४ च्या सुमारास कुवेतला फिटर म्हणून गेले. तसे आमच्या दापोली तालुक्यातून पुष्कळ जण गेले होते. तेथे बांधकामाच्या जागी वाळू उडे, आणि वाळू ही फितीची हाडवैरी. रबराची कड असलेले पिवळे यंत्र त्यांनी घेतले ते खेळाच्या हौसेने नव्हे, वाळूच्या भयाने. गाणी ऐकायला नव्हे, तर आईला ऐकायला घेतले, असे म्हटले तरी चालेल. कारण त्या काळी आखातातला माणूस आणि गावचे घर यांच्यामध्ये कॅसेटची पत्रे जात-येत. टेलिफोन महाग, लिहिता न येणारी माणसे पुष्कळ. केरळात तर या चालीचा केवढा विस्तार झाला होता! आमची आजी निरक्षर होती. पोस्टाने किंवा कोणा येणाऱ्याच्या हाती कॅसेट आली की शेजारच्या खोतांच्या घरचा आडवा कॅसेटरेकॉर्डर मागून आणायचा, पडवीत सगळ्यांनी बसायचे आणि काकांचे ऐकायचे. मग उत्तर. लाल बटण आणि त्याच्या शेजारचे बटण एकदम दाबायचे काम माझ्याकडे असे. आजी त्या यंत्राकडे पाहून नव्हे, तर दारातल्या आंब्याकडे पाहून बोलत असे. काकांच्या पिवळ्या यंत्राला बोलता येत नव्हते. ते तिकडे फक्त ऐके. त्यांना आपले बोलणे भरायचे झाले की खोलीतल्या दुसऱ्या कोणाचे यंत्र मागावे लागे. वजाबाकीतून जन्मलेल्या वस्तूचा हा गुण त्यांना महागात पडे.

कोरी कॅसेट विकत घ्यायला पैसे पडतात. म्हणून उत्तर त्याच कॅसेटवर भरायचे. काकांच्या शब्दांवर आजीचे शब्द चढत, तिकडे गेल्यावर आजीच्या शब्दांवर काकांचे. एक कॅसेट पाच-सहा फेऱ्या करी, आणि प्रत्येक फेरीत आधीचे बोलणे पुसून जाई. पत्रे जपून ठेवता येतात. हा पत्रव्यवहार स्वतःलाच खात जात होता. सहा वर्षे मायलेक एकमेकांशी बोलत होती आणि त्यातले काहीही उरत नव्हते.

उरले ते एका लढाईमुळे. १९९० च्या जुलैअखेर काकांची कॅसेट आली. आजीने उत्तराला सुरुवात केली, चारेक मिनिटे बोलली, आणि पाऊस धो धो सुरू झाला म्हणून 'राहू दे रे, उद्या करू' म्हणाली. मी बटण बंद केले. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. टपाल बंद पडले. कोणाला उत्तर पाठवायचे? काका बसने बसरा, बगदाद करीत जॉर्डनच्या हद्दीशी आले, तेथे दिवस काढले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने सप्टेंबरात मुंबईला उतरले. त्या वेळी लाखाहून अधिक हिंदी माणसे अशी परत आणली गेली. अंगावरच्या कपड्यांखेरीज त्यांच्या पिशवीत जे थोडे होते त्यात हा पिवळा वॉकमन होता. जॉर्डनच्या छावणीत धुळीत तो त्यांनी उशाला घेतला होता असे ते सांगत.

ती कॅसेट माझ्यापाशी आहे. काका २०११ मध्ये गेले, आजी त्याच्याही आधी. कॅसेट लावली की पहिली चार मिनिटे आजी बोलते: म्हैस, खालच्या बांधाची भांडणे, पोराने जेवण वेळेवर करावे. मागे पाऊस वाजू लागतो. 'राहू दे रे, उद्या करू.' मग खट्ट असा आवाज होतो आणि काकांचे वाक्य मधूनच सुरू होते, '…पण तू काळजी करू नको.' आजीने जेवढे पुसले तेवढे पुसले गेले. त्याच्या पुढचे काका तसेच राहिले. एका फितीवर दोघे असे शेजारी आहेत. एका विद्यार्थ्याने ती मोबाईलमध्ये उतरवून दिली आहे, त्यामुळे आवाज जाण्याचे भय आता नाही. पण मोबाईलवर तो 'खट्ट' कसला, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. पिवळ्या यंत्राच्या काचेतून फिरणारी चाके पाहत ऐकले म्हणजे कळते.

काकांचा तो माझ्या अकरांतला पहिला. बाकीचे दहा मुंबईच्या चोरबाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणि भंगारवाल्यांच्या गोणीतून आले. चोरबाजारातला एक म्हातारा दुकानदार माझ्यासाठी पिवळे बाजूला काढून ठेवतो. 'मास्तर, आपका हल्दीवाला आया है' असा त्याचा निरोप असतो. २०१४ मध्ये एका अमेरिकन चित्रपटाच्या नायकाच्या कमरेला जुना निळा वॉकमन दिसला आणि निळ्यांच्या किमती जगभर कडाडल्या. त्याने मला तोही दाखवला होता. मी घेतला नाही. एका रंगाचे व्रत घेतल्याचा हा मोठा लाभ आहे, की बहुतेक वेळा नाही म्हणता येते आणि मास्तराच्या पगारात निभावते.

यंत्र हाती आले की ते बहुधा मुके असते. त्याचे रोग थोडे आणि ठरलेले. आतला रबराचा पट्टा वयाने ढिला पडतो किंवा वितळून डांबरासारखा चिकटतो. स्पिरिटने ते डांबर पुसून नवा पट्टा घालावा लागतो. कोणी सेल आत विसरलेला असतो, तो पाझरून पत्र्यांवर पांढरा-हिरवा थर धरतो. तो क्षार असतो, म्हणून त्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावला की फसफसून सुटतो. झाकणाची रबरी कड भुगा झालेली असते. ध्वनी उचलणारे डोके मळलेले असते, ते कापसाच्या बोळ्याने पुसायचे. मॅट्रिक झालेल्या मराठीच्या मास्तराला एवढे जमते, यावरून ते यंत्र किती साधे होते ते ध्यानात यावे. सोनीने जपानात कॅसेटचे वॉकमन करणे २०१० मध्ये थांबवले. तोवर जगात तिचे वीस कोटींहून अधिक खपले होते. तेव्हा यंत्रांचा तुटवडा इतक्यात पडणार नाही. तुटवडा आहे तो दुसऱ्याच वस्तूचा.

माझ्या दहांपैकी तीन यंत्रांत कॅसेट आत राहिलेली होती. एकीत हिंदी सिनेमातली गाणी निघाली. एकीत प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीते. तिसरे यंत्र चोरबाजारातले. त्यातल्या कॅसेटवर शाईने काही लिहिलेले होते ते ओल लागून पसरले होते. नवा पट्टा घालून लावली, तर एक बाई बोलत होती. भाषा मल्याळम. मी लगेच बंद केली. दुसऱ्याचे पाकीट फोडू नये हे मी वर्गात शिकवतो. दुसऱ्याच्या कॅसेटला तो नियम लागतो की नाही? घरात दोन मते पडली. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, 'अहो, त्या बाईने ती कोणी ऐकावी म्हणूनच भरली ना? ज्याच्यासाठी भरली त्याला पोहोचवायची तर आधी ऐकायलाच हवी.' हे वकिली बिनतोड होते. तालुक्याच्या गावी एक मल्याळी परिचारिका आहेत. त्या एका रविवारी घरी आल्या, चहा झाला, आणि त्यांनी कर्णफोन कानाला लावले.

त्या ऐकत आणि थांबत थांबत आम्हाला हिंदीत सांगत. घराची कौले बदलली. गाय व्याली, कालवड झाली. धाकटी पास झाली, इंग्रजीत मार्क कमी पडले. साबण पुरे झाले, आता पाठवू नकोस, त्यापेक्षा स्वतःच्या जेवणावर खर्च कर. मध्ये बराच वेळ नुसतीच कोंबड्यांची कलकल. बाई उठून कोठे गेली असावी. मग परत येऊन तिने देवळाच्या उत्सवाची तारीख सांगितली. साल नाही, मुलाचे नाव नाही; आई मुलाला नावाने कशाला हाक मारील, ती 'मोने' म्हणत होती, म्हणजे बाळा. पण एकदा गावाचे नाव तिच्या तोंडी आले.

त्या नावाची गावे केरळात तीन आहेत. परिचारिकाबाईंनी तिन्ही ठिकाणच्या पोस्टमास्तरांना मल्याळममध्ये पत्रे लिहून दिली. कौले बदललेले घर, कालवड, धाकटीचे इंग्रजी, सगळे त्यांत घातले. श्रावणात एकाचे उत्तर आले, की येथे तपास केला, असे कुटुंब सापडत नाही. दोघांची उत्तरे यायची आहेत. कॅसेट मी पुन्हा त्याच यंत्रात ठेवली आहे, सेल मात्र काढून.